टॅबवरची हिरवी लव

३ ऑगस्ट, सकाळी ६
टॅब आला! तीन बोटांवर चढवायचा चामड्याचा तुकडा. याच्याशिवाय धनुष्याची दोरी ओढली की बोटं सोलून निघतात. चोवीस तारखेले अकोल्यात पंचेचाळिशीच्या वरच्यांची निवड स्पर्धा. नंबर माझाच. आजपासून रोज शंभर बाण. चहा बंद.
बायको म्हणे, भेंडी तोडून बोटांले खाज सुटते, मलेही हातमोजे आणा. पुढच्या साली पाहू म्हटलं.

५ ऑगस्ट
वीस बाण. खांदा दुखला. चहा घेतला, औषध म्हणून.
सूर्यभान टॅबकडे लय पाहून राहिला होता. पंधरा वर्षांपासूनचा दोस्त, पण तोही चोवीसले उतरणार. कुठून मागवला, कोणतं कातडं, काहून विचारते माणूस? खोटंच सांगतलं.

९ ऑगस्ट
टॅब ओला! मी तर चार दिवस हातही लावला नव्हता (खांदा). कौशल्या म्हणे, पावसाळ्यात सगळंच ओलं राहते. बायकोवर संशय घेणारा माणूस मी नाही. टॅब आता डब्यात अन् डबा ज्वारीच्या कोठीत. जागा फक्त मले माहीत. कौशल्याले माहीत आहे, पण कोठी तिचीच, त्याले इलाज नाही.

१२ ऑगस्ट
टॅबवर बारीक हिरवी लव. घालताच बोटांले खाज. खाजकुहिरी! रविवारी सूर्यभान घरी पाणी प्यायला आला होता. त्याच्या घरी पाणी नाही काय?
कौशल्याची खाजेची कटकट मात्र बंद झाली. समजूतदार बाई.

१९ ऑगस्ट
आमचे कोच पंजाबराव सर म्हणाले, बोटं ढिली सोडत जा. मी म्हटलं, सर, टॅबमध्ये घातपात आहे. त्यांनी टॅब उलटसुलट करून पाह्यला अन् परत दिला. त्यांच्यावरही लक्ष ठेवा लागेल.

२४ ऑगस्ट, अकोला
डबा रिकामा. कोणी पाहू नये म्हणून सकाळी न उघडताच पिशवीत टाकला होता. गाडीवर सूर्यभानच्या मागं बसून आलो. रस्त्यात त्यानंच काढला असेल. वरून म्हणे, माझा टॅब घे, आळीपाळीनं वापरू. घेतला नाही. मी काय बुद्धू आहे?
उघड्या बोटांनी खेळलो. छत्तीसपैकी अकरा लागले. तीन बोटांचे फोड फुटले. सूर्यभान दुसरा आला.
कमिटीकडे सूर्यभानविरुद्ध लेखी तक्रार दिली. चोरी अन् घातपात. खाली सही. एसटीनं परत.

२५ ऑगस्ट, सकाळी
शेतात गेलो. कौशल्या भेंडीच्या ओळीत. अंगठ्याले चिंधी, तीन बोटांवर माझा टॅब. लपवलाही नाही. म्हणे, शनिवारच्या तोडणीनंतर डब्यात ठेवायचा राहून गेला.
मी काही बोलायच्या आत तिनं माझा हात धरून फोड पाह्यले. म्हणाली, "एकाच दिवसात असे झाले. मी तर दिवसाआड भेंडी तोडतो."
तिची बोटं मी आज पहिल्यांदा नीट पाह्यली. लाज वाटली. टॅब तूच ठेव म्हटलं. ती म्हणे, ठेवलाच आहे.

संध्याकाळी ७
सूर्यभान आला, माझ्या बोटांसाठी मलम घेऊन. चेहरा उतरलेला. कमिटीचा फोन होता म्हणे, कोणीतरी त्याच्यावर चोरीची तक्रार केली, नाव सांगत नाहीत.
"तुयाशिवाय माह्या भरोशाचा कोण आहे? तूच शोधून दे," म्हणाला.
कौशल्या चहा घेऊन दारात उभी होती. मी शोधतो म्हटलं.