रुमालाखालची औटकी

मास्तर, तुम्ही जाऊन किती वर्षे झाली हे मला तोंडी सांगता येईल. पण सांगितले की तुम्ही विचाराल, "रीत काय?", म्हणून राहू देतो. तुमची ती सवयच होती. वर्गात सगळ्यांत आधी उत्तर माझे यायचे आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणायचात, "उत्तर काय, कुणीही हातात देईल. रीत सांग." मला त्याचा राग यायचा. आता मी अमरावतीच्या बाजारात कापसाचा दलाल आहे. केस पिकले. माझ्या तोंडी हिशेबात आजवर कोणी शेराची चूक काढलेली नाही. लोक विचारतात, कुठल्या शाळेत शिकलात? मी सांगतो, कुठल्याच नाही, आपले आपण शिकलो. हे मी इतक्या वेळा सांगितले आहे की बायकोला, मुलांनाही तेच ठाऊक आहे.

परकोटाबाहेरची आपली शाळा म्हणजे कापसाचे एक रिकामे गोदाम होते. शेजारच्या अंगणात बाया रेच्यावर कापसातून सरकी वेगळी करत, आणि त्यांच्या रेच्यांची करकर आमच्या पाढ्यांत मिसळायची. तुम्ही घाटावरून आलेले, तुमची भाषा आम्हाला पोथीतल्यासारखी वाटे. तुमच्या आधीच्या पंतोजींकडे आम्ही पावकी, निमकी, दिडकी सगळे घोकले होते, पण निमकी म्हणजे कशाचे निम्मे हे कोणी विचारले नव्हते, आणि पंतोजींनी सांगितलेही नव्हते. तुम्ही पहिल्याच आठवड्यात रेच्याखालची सरकी मागून आणलीत आणि जमिनीवर ढिगाऱ्या मांडायला लागलात. सरकीला कापसाचे तंतू राहतात, त्यामुळे दाणे एकमेकांना चिकटत होते आणि तुमचे मोजणे चुकत होते. माझ्या उजव्या हाताला बसणारा माझा सोबती, शेतकऱ्याचा मुलगा, बराच वेळ बघत होता. शेवटी तो म्हणाला, "अशानं नाई होत, मास्तर. शेणकाल्यात चोळा लागते तिले. पेरतानी आमी तसंच करतो." आम्हाला वाटले तुम्ही रागवाल. तुम्ही उपरणे काढून ठेवलेत, शेण मागवलेत, आणि त्याच्या शेजारी उकिडवे बसून कोपरापर्यंत हात भरवून सरकी चोळलीत. उन्हात वाळल्यावर दाणे सुटे झाले. मग तीन सारख्या ढिगाऱ्या आणि चौथी अर्धी अशी मांडून तुम्ही म्हणालात, "हे बघा, हे औट." औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, मी वर्षभर म्हणत होतो. साडेतीन मी त्या दिवशी पाहिले.

तेव्हा कापसाला वेड लागल्यासारखा भाव होता. दूरच्या कुठल्या मुलखातला कापूस लढाईमुळे अडला आहे आणि म्हणून सगळी विलायत वऱ्हाडाकडे बघते आहे, असे मोठी माणसे बोलत. एका रविवारी तुम्ही बाजारात आलात. मी मामाजवळ उभा होतो, मामा दलाल होता. दोन माणसे समोरासमोर बसलेली, त्यांच्या हातांवर रुमाल टाकलेला, तोंडाने हवापाण्याच्या गप्पा आणि रुमालाखाली काहीतरी चाललेले. तुम्ही मला हळूच विचारलेत, "हे काय करताहेत रे?"

"भाव करून राहिले, मास्तर."

"मग बोलत का नाहीत?"

"बोलले तर बाजूचा आयकंल ना."

तुम्हाला ते इतके नवलाचे वाटले की तुम्ही तिथेच बैठक मारून माझ्यापुढे हात केलात. मी तुमच्या हातावर तुमचेच उपरणे टाकले आणि बोटे धरून दाखवली. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, पंजा धरून वर चार बोटे म्हणजे नऊ. दहाचे की एकाचे, हे दोघांना आधीच ठाऊक असते. लोक म्हणतात हातावर आकडा काढतात, ते चूक आहे. फक्त बोटे धरतात आणि दाबतात. तुम्ही तीनदा चुकलात, चौथ्यांदा बरोबर आलात. मामा हसून म्हणाला, "मास्तर, पोट्टं तर तुमचाच मास्तर झालं." तुम्ही हसला नाहीत. रुमालासमोर बसलेल्या एका कास्तकाराकडे तुम्ही बघत होतात. तो दलालाने दाबलेली बोटे घेऊन तसाच बसून होता, ओठ हलत होते, आणि हिशेब काही जुळत नव्हता. तुम्ही एवढेच म्हणालात, "याला औटकी कोणी शिकवली नाही."

वेचणी लागली तशी शाळा ओस पडली. घरोघरची मुले पहाटेपासून शेतात. माझा सोबती दिवाळीनंतर दिसलाच नाही. तुम्ही बांधावर जाऊन आयाबापांशी बोलत होतात, दुपारी झाडाखाली सरकीच्या ढिगाऱ्या मांडत होतात, पण कापूस फुटलेला असताना ढिगाऱ्यांकडे कोण बघणार? पौषात तपासणीचा निरोप आला. परीक्षकांचा शेरा चांगला पडला तर मास्तर इथे राहतील, नाहीतर त्यांना दुसरीकडे हलवतील, हे मी मामाकडून ऐकले. तुम्ही त्यातले काही आम्हाला सांगितले नाहीत. आम्हाला, सोबत्यालाही, शेतांतून बोलावून आणलेत, आठ दिवस बसवलेत, आणि त्या आठ दिवसांत तुमचा आवाज बसला.

ती सकाळ थंडीची होती. आम्ही बसायच्या पहिल्या पट्टीवर सहा जण, मांडीला मांडी लावून, गुडघ्यांवर एकच लांब शेला ओढून बसलो होतो. वाचन ठीक झाले. सोबत्याने अडखळत का होईना, पण धडा वाचला. शुद्धलेखन झाले. मग परीक्षकांनी विचारले, "एका गाडीत चौदा मण कापूस. अशा औट गाड्या. किती मण?" मला उत्तर प्रश्न संपायच्या आधी आले. उजवीकडे सोबती पाटीकडे बघत होता, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शेल्याखाली मी त्याचा हात धरला. चार बोटे. मग पंजा आणि चार. त्याने पुढच्याला दिले, पुढच्याने त्याच्या पुढच्याला. हे आम्ही ठरवले नव्हते, मास्तर, हे मी आजही शपथेवर सांगतो. पण बाजारात वाढलेली पोरे आम्ही, सांगावे लागले नाही. सहाही पाट्यांवर एकोणपन्नास.

परीक्षक खूश झाले. "वा, वेचणीच्या दिवसांतही?" म्हणाले. तुमचा चेहरा आधी उजळला. मग तुम्ही सोबत्याच्या पाटीकडे पाहिलेत, मग शेल्याकडे, आणि मग माझ्याकडे. ज्या बोटांनी ती खूण मी तुम्हाला शिकवली होती ती बोटे अजून शेल्याखालीच होती. गप्प राहिला असतात तर काय बिघडले असते, हा विचार मी आयुष्यात पुष्कळदा केला आहे. तुम्ही म्हणालात, "साहेब, यांना दूर दूर बसवून पुन्हा विचारावं." परीक्षकांना कळेना. तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. आम्हाला चार भिंतींना पांगवले. नऊ मण, औट गाड्या. माझ्या पाटीवर साडेएकतीस. दुसऱ्या एकाने तीस लिहिले, तेही चूक. सोबत्याची पाटी कोरी, आणि त्याने ती छातीशी धरली होती. "हे कोणी केलं?" परीक्षकांनी विचारले. तुम्ही म्हणालात, "वर्ग माझा आहे." एवढेच.

सगळे गेल्यावर तुम्ही मला थांबवलेत. मला वाटले छडी खाईन, मी हातही पुढे केला. मी म्हणालो, "मी तुमच्यासाठी केलं, मास्तर."

"माहीत आहे."

"मंग?"

"त्या कास्तकाराला पाहिलंस ना बाजारात? उद्या तुझा सोबती तिथे बसेल. रुमालाखाली दुसऱ्याचा हात असेल, तुझा नसेल. मग?"

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

महिनाभरात तुमची अकोल्याकडे एका लहान शाळेवर बदली झाली. बैलगाडीत सामान फार नव्हते. तुम्ही मला जवळ बोलावून चोळलेल्या सरकीची पिशवी हातात दिलीत आणि म्हणालात, "तुझ्या सोबत्याला औटकी येईपर्यंत मांडत जा." मी मान हलवली. तुमची गाडी बडनेऱ्याच्या वाटेला वळेपर्यंत मी उभा होतो. मग घरी येऊन ती सगळी सरकी मामाच्या बैलाला घातली. चार शाबासक्या मिळायच्या त्या जागी माझी मान खाली गेली होती, आणि ती तुमच्यामुळे गेली असे मला वाटत होते. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलो नाही.

पुढचे मी खरेच आपले आपण शिकलो. मोडी मामाच्या कागदांवरून, इंग्रजी अक्षरे कापसाच्या गठाणींवरच्या शिक्क्यांवरून, एकेक अक्षर नखाने मातीत काढून. त्यात कोणाचा वाटा नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे, तो मी लपवणार नाही. एकदा आगगाडीने अकोल्याला गेलो होतो. विचारत विचारत तुमच्या शाळेपर्यंत पोचलो. आतून मुलांचा आवाज येत होता, आणि मध्येच तुमचा, बसलेला, "रीत सांग, रीत." मी कुंपणाशी उभा राहिलो, कोटाची गुंडी नीट केली, आणि स्टेशनाकडे परत वळलो. पुढच्या वर्षी तुम्ही तापाने गेल्याचे कळले.

सोबती अजून आहे, मास्तर. शेत राखून आहे, नातवंडे झाली. दर हंगामात कापूस घेऊन येतो आणि सौदा करण्याआधी माझ्याकडे येतो. दुसरा कोणी दलाल त्याची बोटे दाबतो, तो उठून माझ्याजवळ येतो, माझ्या रुमालाखाली तीच बोटे मला दाबून दाखवतो आणि विचारतो, "बरोबर हाये का?" मी मनात मांडतो आणि हो किंवा नाही म्हणतो. "तू हायेस म्हणून बरं हाये बाप्पा," असे तो दर वेळी म्हणतो. चाळीस माणसांच्या देखत म्हणतो.

या मंगळवारी तो यायचा होता. मी सकाळी बाजारातून मूठभर सरकी आणली, शेणकाल्यात चोळली, वाळवली. बायको म्हणाली, "आता काय पेरून राह्यले तुमी?" तो आला तेव्हा बैठकीवर तीन ढिगाऱ्या आणि अर्धी अशी मांडून ठेवली होती. त्याने पाहिले. मग हसला. "हे मास्तरचं हाये ना बे?"

"होय. औट. बस, दाखवतो."

"आता या वयात? जाऊ दे ना. तू सांगून दे."

आणि त्याने हात पुढे केला. मी रुमाल टाकला, बोटे घेतली, उत्तर सांगितले. क्षणही लागला नाही.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचा ते मला माहीत नाही, म्हणून तो रुमालाच्या घडीत राहील. वर मी आधी लिहिले होते की त्यालाच नको होते, मी काय करणार. ते मग खोडले. खरे असे आहे, मास्तर, की तो "जाऊ दे" म्हणाल्यावरही ढिगाऱ्यांकडे बघत होता. मी दुसऱ्यांदा विचारले नाही.