गोगीचे हात

४ जून १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं वाचून काळजी वाटली. जिने चढू नका असं डॉक्टर सांगत असतील, तर जरा ऐक त्यांचं. सगळ्यांना सल्ले देणारीनं एखादा घेऊनही बघावा.

आता कामाचं. गोगीची शाळा संपली. मार्क बरे आहेत, म्हणजे उड्या मारण्याजोगे नाहीत आणि तोंड लपवण्याजोगेही नाहीत. तिच्या बाबांचं म्हणणं, हिशेबाचा कोर्स कर, आमच्याच ऑफिसात चिकटवून देतो. तिला विचारलं की ‘चालेल’ म्हणते. शिवणकाम शिकतेस का, तर चालेल. टायपिंग, तर तेही चालेल. उद्या चंद्रावर जातेस का विचारलं तरी ही चालेलच म्हणायची. लहानपणी हळूबाई म्हणून गोगलगाय नाव पडलं, पण हिच्या पोटात पाय आहेत की नाहीत हे मला आईला अजून कळलेलं नाही.

परवा दुकानात एक गिऱ्हाईक कोट सैल करायला घेऊन आलं, सोबत भलंथोरलं कुत्रं. त्याची साखळी माझ्या शिलाई मशीनच्या पायडलात अडकली आणि त्यानं असा आकांत मांडला की त्याचा मालक टेबलावर चढायचाच बाकी होता. गोगी काजं करत बसली होती. ती उठली, कुत्र्याकडे न बघता खाली फरशीवर बसली आणि हात पुढे करून नुसती थांबली. साखळी सुटेपर्यंत कुत्र्यानं तिच्या मांडीवर मान टाकलेली. मालक म्हणाला, घरी हे माझं मुळीच ऐकत नाही. मी मनात म्हटलं, बाबा रे, माझंही कोणी ऐकत नाही.

तू दिवसभर लोकांच्या पोरांना वाटा दाखवतेस, आता घरचं एक बघ. पुढच्या आठवड्यात तिला पाठवते. तिच्या बाबांना सांगितलंय की मावशीचा गुडघा दुखतोय म्हणून मदतीला जातेय. तेव्हा त्यांचा फोन आला तर कण्हायला विसरू नकोस.

कळावे. लोभ आहेच, पण तो अधूनमधून पत्रातून दिसू दे.

तुझी,
धाकटी

---

१९ जून १९९७

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी लेक पोचली, राहिली, माझं स्वयंपाकघर लावून गेली. आता मला चमचे सापडत नाहीत.

शाळेतल्या माझ्या खोलीत तिला दोन दिवस बसवलं. पूर्वी तिथे खेळाचं सामान असायचं, अजून रबराचा वास येतो. दोन खुर्च्या मी मुद्दाम तिरक्या ठेवते, म्हणजे मुलांना आपली तपासणी चाललीय असं वाटत नाही. आधी आवडीनिवडींची चाचणी, मग स्वभावाची, आणि मग नुसत्या गप्पा. खरं काम गप्पांतच होतं. हिशेब ती औषध घेतल्यासारखे करते, नाक मुरडून पण शेवटच्या थेंबापर्यंत. तिथे ती नापास होणार नाही, नुसती वाळून जाईल. धीर, दुसऱ्याची वेदना ओळखणं, हाताचा स्थिरपणा, यांत मात्र तिचा कौल इतका स्पष्ट आहे की आजवर फार थोड्या मुलांचा तसा पाहिला.

मी विचारलं, जनावरांच्या दवाखान्यात काम शिकायला आवडेल का. ती म्हणाली, ‘हवंय.’ धाकटे, तुझ्या लेकीनं ‘हवंय’ म्हटलं. ‘चालेल’ नाही म्हटलं.

इथे पशुवैद्यांच्या मदतनिसांचा चांगला कोर्स आहे. माझ्याकडे राहील. तिच्या बाबांना समजाव. तू रोज गिऱ्हाइकांना सांगतेस ना, शेजाऱ्याच्या मापाचा सदरा आपल्या अंगावर बसत नाही म्हणून? तेच त्यांना सांग. आणि माझ्या गुडघ्याबद्दल त्यांच्याशी खोटं बोलल्याचं पाप तुझ्याच माथी, मी फोनवर फक्त एकदा ‘आई गं’ म्हटलं.

तिच्या बाबांना नमस्कार, तुला माया.

ताई

---

११ सप्टेंबर २०००

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

उशिरा लिहितेय, रागावू नकोस. कोर्सचं प्रमाणपत्र तू फ्रेम करून भिंतीला लावलंस असं आईनं कळवलं. तुझ्या पदवीशेजारी ते शोभत नसेल.

इथल्या निवारा केंद्रात आता रुळलेय. शहरातली सोडून दिलेली, हरवलेली, जखमी अशी सगळी जनावरं इथे येतात. सकाळी पाइपनं पिंजऱ्यांची पूर्ण रांग धुवायची, मग खाणं, मग जखमांची पट्टी. कुत्री बाहेर अंगणाच्या बाजूला असतात, मांजरं आतल्या गरम खोलीत. एक तीन पायांचा बोका रोज माझ्या बुटाची नाडी सोडायचा. गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्या जोडप्यानं त्याला घरी नेलं, मी आनंदानं रडले आणि केंद्राची गाडी चालवणाऱ्या काकांनी मला दिवसभर चिडवलं.

तू विचारलंस की काम आवडतं का. आवडतं. पण एक आहे, ते तुला सांगते. येणारी जनावरं नेणाऱ्यांपेक्षा फार जास्त आहेत. पिंजरे भरले की ज्यांना कोणी नेत नाही त्यांना झोपवावं लागतं. इथे तोच शब्द वापरतात. इंजेक्शन डॉक्टरीणबाई देतात, कोणाला तरी जनावर धरावं लागतं. आधी आम्ही पाळीनं धरायचो. आता डॉक्टरीणबाई मलाच बोलावतात, कारण माझ्या हातात ती धडपडत नाहीत.

आईला हे लिहिलेलं नाही. तूही लिहू नकोस. गुडघ्याला शेक देतेस ना?

पत्राची वाट बघते. तुझी माया आहे तशीच राहू दे.

गोगी

---

२ फेब्रुवारी २००१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोगी चार दिवस येऊन गेली. ताई, तुला सगळं माहीत होतं का? माहीत असून मला कळवलं नसेल, तर ते तुझं तुझ्याजवळ. मला केंद्रातल्या गाडीवाल्याकडून कळलं. तिला सोडायला तो इकडच्या बाजूला आला होता, चहाला थांबवलं तर मोठ्या कौतुकानं सांगायला लागला. म्हणे, तुमची मुलगी आहे म्हणून आमच्याकडचं जनावर शांतपणे मरतं. दुसरं कोणी धरलं तर ओरडतात, चावतात. हिनं कानामागे हात ठेवला की झालं. म्हणून आता सगळी हिच्याचकडे.

घरात ती एकसारखी हात धुते. जेवताना गप्प असते, पूर्वीही गप्पच असायची, पण तेव्हा तिच्या गप्प बसण्याला ऊब होती. तिच्या बाबांनी भीत भीत विचारलं, ऑफिसात अजून जागा आहे, येतेस का. ती ‘बघू’ म्हणाली. निदान ‘चालेल’ तरी म्हणायचं होतं.

तू माप अचूक घेतलंस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सदरा कोणत्या कापडाचा शिवणार आहेत, हे कोणी विचारलंच नाही. मी विचारलं नाही, आणि तुझं तर ते कामच होतं. तुझ्या चाचणीत असा एखादा प्रश्न असतो का गं?

ती तुझं ऐकते. तिथे जा आणि तिला सोडवून आण.

रागात लिहिलंय. तरी लोभ तुटू देऊ नकोस, मला दुसरी बहीण नाही.

धाकटी

---

१७ मार्च २००१

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

जाऊन आले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, असा प्रश्न चाचणीत नसतो. आणि गोगीनं मला सांगितलं होतं, तुला सांगू नकोस म्हणून गळ घातली होती. तुझा राग रास्त आहे.

केंद्र स्वच्छ आहे. माणसंही चांगली आहेत, कोणाला बोल लावावा असं तिथे कोणी नाही, हेच मला जड गेलं. डॉक्टरीणबाई थकलेल्या दिसल्या. त्यांनी माझे हात धरून सांगितलं की इतकी या कामासाठीच जन्मलेली मुलगी त्यांनी पाहिलेली नाही. हेच वाक्य मी गोगीच्या चाचणीच्या अहवालात लिहिलं होतं, धाकटे.

मी गोगीला म्हटलं, मला एकदा बघायचंय. ती नको म्हणाली, मग बरं म्हणाली. आतली खोली लहान, मध्ये स्टीलचं टेबल, त्यावर घडी घातलेलं ब्लँकेट. एक म्हातारी कुत्री आणली. दारातच तिनं अंग चोरलं, पाय रोवले. गोगी खाली बसली, तिच्याकडे न बघता हात पुढे करून थांबली. कुत्री हळूहळू आली आणि तिच्या काखेत तोंड खुपसून निवांत झाली. शेपटीसुद्धा हलवली एकदा. पुढचं मी बघितलं, पण लिहीत नाही. गोगीनं तिला खूप वेळ धरून ठेवलं होतं, गरज संपल्यावरही.

बाहेर बाकावर बसून मी तिला म्हटलं, आज बॅग भर, माझ्याबरोबर चल. तिनं नकारार्थी मान हलवली. माझ्या सगळ्या खोल्या, खुर्च्या, तक्ते तिथे कामाला आले नाहीत. तुझी मुलगी तुझ्याकडे न आणता मी परत आले.

आणि एक. परवा शाळेत एक मुलगी आली, अगदी तसाच कौल. जनावरांचं नाव काढलं की चेहरा उजळणारी. मी तिला सांगितलं, तुझा कल हिशेबाकडे दिसतो. ती ‘बरं बाई’ म्हणून गेली.

तुला तोंड दाखवायला अजून धीर होत नाही. माझ्यावरचा जीव थोडा बाजूला काढून ठेव, होईल तेव्हा घ्यायला येईन.

ताई

---

२९ मार्च २००१

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून मनात तुझ्याशीच बोलतेय. बाकावर कारण सांगितलं नाही, ते आता सांगते.

सोडायचा विचार मी रोज करते. पण मागच्या खेपेला मी घरी गेले, तेव्हा माझ्या जागी ज्यांनी धरलं ते वाईट नाहीत, घाईत असतात. परत आल्यावर डॉक्टरीणबाईंच्या मनगटाला पट्टी होती. त्या चार दिवसांत ज्या जनावरांची पाळी आली, ती भीतीतच मेली. ती माझ्या वाट्याची होती असं मला वाटत राहतं. मी गेले म्हणून झोपवणं थांबणार नाही, मावशी. ते फक्त वाईट होईल.

तू चुकली नाहीस. आईला हे सांग. चाचणी बरोबर होती, मी याच कामाला योग्य आहे. माझ्यापेक्षा योग्य इथे कोणी नाही, म्हणूनच मला जाता येत नाही. आधी रडू यायचं, आता येत नाही. ते परत यावं असं वाटतं, पण कसं आणायचं ते कळत नाही.

तू हिशेबाकडे वळवलेल्या मुलीचं आईनं कळवलं. तिला परत बोलावून खरं सांग. कल कुठे आहे ते सांग आणि इथे काय असतं तेही सांग. मग ती काय करायचं ते करेल. कदाचित तरीही हवंय म्हणेल. मी म्हटलं असतं का, ते मला आता ठरवता येत नाही.

आईची समजूत काढ. तुझा हात डोक्यावर असू दे.

गोगी

---

२० जून २००१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू त्या मुलीला परत बोलवायला गेलीस तर ती दुसऱ्या शाळेत निघून गेलीय असं कळलं, हे वाचून वाईट वाटलं. तुझ्यावर आता राग नाही. राग धरायलाही जोर लागतो. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की कळव, मी येऊन राहीन.

गोगी दोन दिवस येऊन गेली. तिला कायम केलंय, केंद्राच्या साहेबांनी प्रशंसेचं पत्रही दिलंय. तिच्या बाबांनी ते वाचून शांतपणे घडी घातली. ऑफिसातल्या जागेवर गेल्या महिन्यातच दुसरा आला. आता विचारण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नाही.

निघायच्या दिवशी ती दुकानात माझ्याजवळ बसली होती. शेजारच्या छापखान्यातल्या मांजरीनं महिन्याभरापूर्वी पिलं घातलीत. त्यांतलं एक करड्या रंगाचं धडपडत आत आलं आणि तिच्या पावलांशी अंग घासायला लागलं. मी मशीन थांबवलं. म्हटलं आता ही वाकेल, उचलेल, जरा तरी हसेल.

तिनं दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले, हात काखेत दाबले आणि मला म्हणाली, ‘आई, त्याला बाहेर ठेव. माझ्याकडे येऊ देऊ नकोस.’

मी ठेवलं बाहेर. ते दारातून तिच्याकडेच बघत ओरडत होतं.

जास्त लिहवत नाही. असशील तिथे सुखी राहा, आणि जमेल तसं तिला लिहीत जा.

तुझी,
धाकटी