डॉर्कसचा डावा बूट

प्रति,
मा. मुख्य पोलीस अधिकारी,
मार्लशायर परगणा, एल्मबरी.

विषय : मयत मुलीचा डावा बूट (मुद्देमाल क्र. ७) परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. २ ऑक्टोबर १९३४ चे पत्र. (अर्जदाराचा हा पाचवा अर्ज आहे.)

महोदय,

१. अर्जदार जोसाया पिनॉक, धंदा बूट शिवणे, याची एकुलती मुलगी डॉर्कस थॉर्नी हॉलमध्ये मोलकरीण होती. गेल्या वर्षी मालकांच्या पुतण्याने तिचा खून करून प्रेत तळ्यात टाकले. पाय घसरून बुडाली, असे आपल्या खात्याने लिहून टाकले होते. तेथे पाहुणे असलेल्या लॉर्ड एव्हरार्ड स्टॅनवे यांनी काठावर पडलेला तिचा बूट पाहिला. तळव्याला चिखल नाही, त्या अर्थी ती तळ्यापर्यंत चालत गेलेली नाही, हे त्यांनी ओळखले. खुनी फासावर गेला. हे उपकार अर्जदार विसरलेला नाही.

२. तथापि खटल्यानंतर सदर बूट आठवण म्हणून लॉर्डसाहेबांना देण्यात आला. तो त्यांच्या काचेच्या कपाटात असून जेवणानंतर पाहुण्यांना दाखवला जातो, असे तेथील स्वयंपाकीणबाईंकडून कळते. खाली चिठ्ठी आहे : 'लंगड्या मोलकरणीचा बूट'. नाव नाही. अर्जदार मागच्या दाराने चौकशीस गेला असता बटलर म्हणाले, "साहेब शिकारीला गेलेत, पिनॉक. आणि एका बुटाचं तुम्ही करणार तरी काय?" आपण म्हणता लॉर्डसाहेबांना विचारा, त्यांचे चिटणीस म्हणतात पोलिसांना विचारा.

३. काय करणार, ते लिहितो. डॉर्कसचा डावा पाय जन्मतः पाऊण इंच आखूड होता. अर्जदार तिच्या डाव्या बुटाला आतून चामड्याचे थर देत असे. दर नव्या जोडीला ती दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून विचारी, "बाबा, कळतं का हो?" कळत नसे. ती लंगडी होती, हे लॉर्डसाहेबांनी कोर्टात सांगितले, तेव्हा गावाला प्रथम कळले. अर्जदाराला कोणी विचारले असते, तर त्यानेही सांगितले असते. तिला नुसत्या मोज्यांवर दफन करावे लागले. तिची आई म्हणाली, "एका बुटात पोर जाणार कुठं?" नवा करावा, तर पायाच्या मापाचा लाकडी साचाही पुराव्यात गेला व तो आपल्याकडे गहाळ आहे. अंदाजाने तीन बूट केले. एकही बरोबर उतरला नाही.

४. शेवटच्या दिवशी कबरी उघडतील आणि सारे उठून देवापुढे चालत जातील, असे आम्ही मानतो. गाव असेल, हॉलमधली माणसे असतील. माझी पोर सगळ्यांदेखत लंगडत येईल.

५. पाद्रीसाहेबांनी बूट आत ठेवण्यापुरती कबर हातभर उकरण्यास परवानगी दिली आहे, ती परवानगी जमीन गोठण्यापूर्वीच वापरता येईल. बूट देणे अगदीच अशक्य असल्यास अर्धा तास माप घेऊ द्यावे. अर्जदार मागच्या दाराने येईल, सुतळी घेऊन येईल, कोणाशी बोलणार नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
जोसाया पिनॉक
दि. १२ नोव्हेंबर १९३४

सोबत :
१. पाद्रीसाहेबांचे परवानगीपत्र.
२. उजवा बूट, एक, पॉलिश केलेला. जोडी जुळवून खात्री करून घ्यावी. डावा द्यायचाच नसेल, तर हाही तिथेच ठेवावा. एकटा परत पाठवू नये.