कर्क राशीच्या मालकांचं बोलावणं

प्रिय दादा,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच समज). तुझे गुडघे काय म्हणतात आणि वहिनींचा खोकला गेला का, ते सविस्तर कळव.

आठवतं, बाबा सभेची बातमी घ्यायला आपल्याला सोबत न्यायचे? भरलेल्या खुर्च्या दोघांनी वेगवेगळ्या मोजायच्या आणि आकडा जुळला तरच तो छापायचा, अशी त्यांची रीत. एकदा तू चौऱ्याऐंशी म्हणालास, मी त्र्याऐंशी. बाबांनी स्वतः पुन्हा मोजलं, तर एक खुर्ची मोडकी, म्हणून रिकामीच निघाली. त्यांनी त्यांची लाल-निळी पेन्सिल मला दिली आणि म्हणाले, नजर असावी तर अशी. त्या पेन्सिलीपायी मी वर्तमानपत्रात आले आणि तू विमा कंपनीत गेलास.

मी अजून तिथेच आहे. मालकांच्या जावयाने संपादकाची खुर्ची घेतल्यापासून बाहेर जाऊन बातमी आणणारे आम्ही दोघीच उरलोय, मी आणि एक नवी मुलगी. बाकीचे बातमीची वाट बघत बसतात, आणि तीही येते बिचारी, ज्याची आहे त्याच्याच घरून नटूनथटून, फोटोसकट.

गेल्या महिन्यात आम्ही छापलं, की रुग्णालयाच्या नव्या विभागाचं उद्घाटन प्रचंड गर्दीत झालं आणि रुग्णांचे डोळे पाणावले. मी सवयीने जाऊन बघितलं. दाराला कुलूप. पाहुण्यांचं पोट बिघडल्यामुळे समारंभच झाला नव्हता. खुर्च्या साठ, एकावर एक रचलेल्या. आत खाट एकही नाही. रखवालदार म्हणाला, "बाई, पेपर वाचून सकाळपासून अकरा पेशंट आले. बसायला मी पेपरच अंथरून दिला."

मी सतरा ओळींची दुरुस्ती लिहून नेली. जावईबापूंनी ती प्रेमाने परत केली. "मावशी, बातमी छापून झाली. आता ती घडली नाही, याला आपण काय करणार? शिवाय त्यांची पानभर जाहिरात आहे. तुम्ही दमलात. उद्यापासून राशीभविष्य बघा, त्याला कुठे जावं लागत नाही."

आता, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या: खोटं बोलू नये आणि मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये. दोन्ही एकदम जमण्याची जागा राशीभविष्य आहे, हे मला इतक्या उशिरा कळलं. दुसऱ्याच दिवशी मी लिहिलं: मेष, नव्या रुग्णविभागात जाणे टाळा, खाटा नाहीत. वृषभ, बाजारातल्या सार्वजनिक नळाचे पाणी गढूळ येईल (मी बाटलीत भरून पाहिलं होतं). तूळ, शाळेचा जिना उतरताना अकरावी पायरी सांभाळा.

लोक म्हणू लागले, या पेपरात तेवढंच खरं असतं. मेष राशीच्या बायकांनी रुग्णालयात इतक्या चौकश्या केल्या, की गेल्या सोमवारी वीस खाटा आल्या (मोजल्या). जावईबापू खूश. "मावशी, तुमचं भविष्य हुबेहूब खरं ठरतं. तुम्हाला दिसतं तरी कसं?"

मी म्हटलं, "चालत जाऊन."

त्यांना तो विनोद वाटला. मग मात्र मला जरा चढलं. मालकांची रास कर्क. परवा मी लिहिलं: कर्क, जवळच्या नातलगावर सोपवलेले काम एकदा स्वतः तपासून पाहा. मालकांनी उद्या अकराला बोलावलंय. नोकरी जाईल बहुधा. तीस वर्षांची सवय आहे रे, सकाळी उठून कुठे जायचं, एवढीच काळजी. बाकी मजेत.

तुझी,
धाकटी

ता. क. तुमच्या गावचा नवा बसथांबा बाकांसकट सुरू झाल्याचं आम्ही उद्या छापतोय. तू गुरुवारपर्यंत जाऊन बाकं मोजून कळव. कुंभ रास रिकामी ठेवली आहे. मला काढलं तर नवी मुलगी लिहील, तिला मी तयार केलंय.

आणखी एक. त्या दिवशी मी खुर्च्या मोजल्याच नव्हत्या. तू पुटपुटलेला आकडा ऐकला आणि तुझी खोड काढायला एक कमी सांगितला. तेव्हा सोबतच्या पुडक्यातली पेन्सिल तुला. बाबांची मोजणीची वही उद्या त्या मुलीला देतेय, रुसू नकोस. माझी छत्री रखवालदाराला. बाकं वहिनींनाही वेगळी मोजू दे, तुझा आकडा आधी सांगू नकोस. तू चुकलास, तर पेन्सिल त्यांची.