आक्का, तो कागद मी खोटा वाचला

प्रिय आक्का,

तू गेल्यापासून मी तुला मनातसुद्धा हाक मारली नाही. वर्षश्राद्धाला मान खाली घालून बसलो. आज लिहितोय, कारण काल खालच्या गल्लीतली सुरेखा डेअरीवर आली आणि तिनं तुझं नाव काढलं.

तिची पोर पाचवीत आहे. दातांवर तपकिरी पट्टे उठलेत. हसताना तोंडावर हात धरते. शाळेत दातांचं शिबिर झालं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शाळेचं पाणी तपासलंय का?

सुरेखा म्हणाली, "काका, तपासलंय न्हवं? आक्काच सांगायच्या की, माज्या भावानं कागद वाचलाय, पोरांना खुशाल पाजा."

असं सांगत होतीस तू सगळ्यांना? मला माहीतच नव्हतं गं!

दुष्काळाचं ते साल आठव. टँकर आठ-आठ दिवस फिरकायचा नाही. तू शाळेत खिचडी शिजवायचीस आणि हौदाच्या तळातलं गढूळ पाणी फडक्यानं गाळून घ्यायचीस. मग आमच्या दूध सोसायटीनं शाळेच्या आवारात बोअर मारून दिला. पाणी लागलं तेव्हा अंगणवाडीतली लेकरं धारेखाली नाचली. चेअरमननं नारळ फोडला. मी सोसायटीचा सचिव, टाळ्या वाजवत उभा होतो.

पुढं आरोग्य खात्याचा माणूस बाटलीत पाणी भरून घेऊन गेला. महिन्यानं कागद आला, तो हेडसरांनी कपाटात ठेवला. तू विचारलंस तर म्हणाले, "आलंय, ठेवलंय." तेवढ्यानं तुझं समाधान होणार होतं होय! झाडायच्या निमित्तानं तो कागद काढलास आणि कमरेला खोचून डेअरीवर आलीस. मी दुधाचं फॅट बघत होतो.

"दत्ता, काय लिवलंय रे? मला वाचता आलं असतं तर तुज्याकडं कशाला आले असते?"

मी वाचलं. फ्लोराइड प्रमाणापेक्षा जास्त. पिण्यास अयोग्य.

आणि तुला म्हणालो, "पाणी चांगलं हाय, आक्का. लई चांगलं हाय." तू कागद होता तसा कपाटात नेऊन ठेवलास.

का बोललो? चेअरमनची भीती होती, ते कबूल करतो. पण दुसरं पाणी तरी कुठं होतं गं? बोअर बंद झाला असता तर खिचडी बंद, आणि त्या साली कितीतरी लेकरांचं तेच एक धड जेवण होतं. पाऊस पडला की सांगू, असं मी मनाला समजावलं. पाऊस पडला. मी सांगितलं नाही. नंतर तर सांगायची लाजच वाटायला लागली.

पण तू तरी दुसऱ्या कुणाकडून का नाही वाचून घेतलंस? भाऊ म्हणून एवढा कसला विश्वास!

पोरांच्या आधी त्या पाण्याचा तांब्या तू तोंडाला लावायचीस. शेवटी शेवटी गुडघे आखडून तुला चुलीपुढं बसता येईना, उपडा डबा घेऊन त्यावर टेकायचीस. "वय झालं रे," म्हणायचीस. तू गेलीस तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. फ्लोराइड दातांसारखंच हाडांतही उतरतं, पण तुझ्या गुडघ्यांचं मी त्यांना विचारलंच नाही. कुठल्या तोंडानं विचारणार होतो?

काल सुरेखा गेल्यावर तडक शाळेत गेलो. आताचे हेडसर नवे आहेत, माणूस वाईट नाही. दोघांनी मिळून कपाट उपसलं. जुनी खोली गळायची, तिथले गठ्ठे भिजून लगदा झालेत. मी म्हणालो, "सर, बोअर बंद करा. मी वाचलाय तो कागद."

"कागद दाखवा, बंद करतो. तोंडी सांगण्यावर पोरांचं पाणी कसं तोडू? अन् वर काय लिहू?"

आज बीडला जाऊन आलो. जिथून तो कागद आला होता, त्या कचेरीत विचारलं. कारकून म्हणाला, तारीख सांगा, जावक नंबर सांगा, न्हाईतर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. अर्ज टाकला. नव्यानं पाणी तपासायला शाळेचं पत्र लागतं. सर म्हणतात, वरून परवानगी आली की देतो. परत येताना चेअरमन भेटले. "मेलेलं कशाला उकरतोस, दत्ता?" म्हणाले.

शाळेवरून आलो तेव्हा दुपारची छोटी सुट्टी होती. पोरं नळाला ओंजळी लावून पीत होती. मी ओरडलो, "पिऊ नका रे!" पोरं हसली आणि पीत राहिली. मी फाटकाला धरून नुसता उभा राहिलो, आक्का.

सोमवारी पालकसभा आहे. माझ्याकडं कागद नाही, पुरावा नाही. कुणी विश्वास ठेवील की नाही, तेही ठाऊक नाही. पण मी उभा राहणार. त्या कागदावर काय होतं ते सुरेखासमोर, सगळ्यांसमोर सांगणार. आणि हेही सांगणार, की आक्का खोटं बोलली नव्हती. तिला वाचून दाखवणारा खोटं बोलला होता. एवढा शब्द घे माझा.

तुझा,
दत्ता