दुसरा अर्थ

दि. ४ जून

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद. वडीलधारी आहे म्हणून दिले. मनात काय आहे ते पुढे वाच. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र इस्पितळाच्या टपालाच्या थैलीतून तुझ्या मुख्य कचेरीत पाठवते आहे.

तुझ्या दाजींना काल तुझ्याच इस्पितळात दाखल केलं. येत्या बुधवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांशी बोलणं झाल्यावर मला दहा मिनिटं कुठेतरी गप्प बसायचं होतं. खाली इमारतीचा इंग्रजी नकाशा टांगलेला आहे. त्यात दुसऱ्या मजल्यावर एक लहानशी खोली, नाव 'ऑरेटरी'. प्रार्थनेची जागा! हायसं वाटलं. वर गेले, तर दारावर पितळी पाटी: 'वक्तृत्व कक्ष'. आत माईक, आणि तुमचे चार कर्मचारी 'माझ्या यशाचं रहस्य' या विषयावर आळीपाळीने घसा फोडताहेत. मला पहिल्या रांगेत बसवलं, टाळ्या वाजवायला.

मराठी पाट्यांचं काम तुझ्याकडे होतं. व्यवस्थापक झालास, पण अक्कल कुठे गहाण टाकलीस?

तुझी ताई

दि. ७ जून

ती. ताईस साष्टांग नमस्कार.
पत्र वाचून कान अजून गरम आहेत. दाजींचं कळलं, फार काळजी वाटते. फोन बैठकांमुळे राहिले, त्याबद्दल चूक कबूल.

पण पाटीचं ऐक. मी शब्दकोश बघूनच शब्द लिहिला. तोच जाडजूड शब्दकोश, जो कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मिळाली तेव्हा तू मला दिलास. 'ऑरेटरी' या शब्दापाशी तूच माझा ढालीसकट फोटो चिकटवला होतास. वर 'वक्तृत्व' एवढंच दिसतं. तुझं पत्र आलं तेव्हा ब्लेडने फोटो सोडवला. खाली छापलेलं: 'प्रार्थनेची लहान खोली'. तीस वर्षं तो अर्थ माझ्याच तोंडाखाली दडला होता! म्हणजे अर्धी चूक तुझी, नाही का?

पाटी बदलतो, पण बुधवारनंतर. त्या दिवशी दहाला त्याच खोलीत कर्मचाऱ्यांच्या वक्तृत्व स्पर्धेची अंतिम फेरी आहे, अध्यक्ष येणार आहेत. रागावू नकोस.

तुझा भोंगा

दि. ९ जून

चि. भोंग्यास,
आशीर्वाद या खेपेला राखून ठेवते.

फोटो मी चिकटवला, कबूल. कौतुकात आंधळी झाले होते. पण माझी चूक एका पानावर होती. तू ती पितळेत कोरून भिंतीवर ठोकलीस. इस्पितळात भाषणं ठोकायला खोली कशाला लागेल, एवढंही तुझ्या मनात आलं नाही? इथे बायाबापड्या जिन्यात बसून डोळे पुसताहेत. मी रोज बघते आहे.

बुधवारी दहालाच तुझ्या दाजींना आत नेणार आहेत. त्या वेळी बाहेर बसून मी शेजारच्या त्या खोलीतल्या टाळ्या ऐकणार नाही. आज शिपायाकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि पाटी उतरवली. ती माझ्या पिशवीत आहे, माईकची वायरही आहे. दारावर 'प्रार्थनेची खोली' असा कागद लावलाय. लगेच तीन बाया आत येऊन बसल्या, एक अक्षर न बोलता. अध्यक्षांना काय सांगायचं ते तू सांग. वक्तृत्व तुझ्याकडे आहेच.

बुधवारी दहाच्या आत ये. माझ्या शेजारी बस. तोंड उघडायचं नाही.

लोभ आहे, रागाखाली घट्ट चिकटलेला. ब्लेड लावून बघू नकोस.

ताई