भोकाचा पैसा

११ फेब्रुवारी १९७४
कालचा दिवस पिंपळटोल्याच्या जंगलात गेला. रामटेकच्या पुढे एस.टी. सोडली आणि धूळ खात पायी. सागाची झाडं चोरीला गेली, त्याची बातमी करायला. झाडं नव्हती, खुंट होते. बातमीला तेवढं पुरतं.

नाकेदार रुपराव बरोबर हिंडले. जंगलखात्याचा हा माणूस सध्या निलंबित — राखणदारानंच माल विकला, असा आरोप. "ट्रकच घेऊन आले साहेब. मी एकटा, हातात काठी. आता यातलं एक लाकूड जरी कोणाच्या टालीवर सापडलं, तर टालवाल्याले सांगाच लागन, कोणापासून घेतलं. मंग मी सुटलो."

गावची तुळसाबाई मात्र एकाच खुंटापाशी बसलेली. तिच्या सुनेला लागलेलं भूत भगतानं त्या झाडात बांधलं होतं — इंग्रजांच्या वेळचा भोकाचा पैसा खोडावर ठेवून मधून खिळा. पुढे झाडानं पैसा गिळला, तिला मात्र जागा पाठ. "बाकीची नेली त नेली गा. हे काहून नेलं? थे मोकळं झालं असन आता."

झाडं सरकारची, भूत तिचं. रडायला तीच एकटी होती.

१५ फेब्रुवारी
बातमी आली. पान पाच, खाली, केशतेलाच्या जाहिरातीला टेकून. संपादकांनी भूत कापलं. म्हणाले, आपलं पत्र पुरोगामी आहे. शेजारीच आठवड्याचं राशिभविष्य.

२० फेब्रुवारी
यमुताईच्या दाराची चौकट आली. थोरली बहीण, शाळेतून निवृत्त; जन्म धरमपेठेतल्या भाड्याच्या खोल्यांत गेला, आता नंदनवन वसाहतीत स्वतःचं घर. चौकट मीच पसंत केली — लकडगंजात, मधुकररावांच्या टालीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत. रीतसर तोडलेल्या लाकडावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का असतो, एवढं ताजं ज्ञान मजपाशी होतं. मधुकररावांना विचारलं. पाठशाळेत शिकलेला म्हणून ते मला पंडितजी म्हणतात.

"पंडितजी, शिक्का लठ्ठ्याच्या टोकाले राहते. टोक कापलं, शिक्का गेला. तुमच्या कपाळावर जन्मतारीख हाय का? तरी तुम्ही जन्मलेच ना?"

मी हसलो आणि हातगाडी बोलावली.

२३ फेब्रुवारी
सुतार नत्थूजी रंधा मारत होता. कर्र झालं, पात्याचा तुकडा उडाला. वाकून पाहतो तो लाकडात तांब्याचं कडं, मधोमध गंजलेला खिळा. भोकाचा पैसा.

नत्थूजी मागे सरकला. "बाबूजी, हे बांधलेलं झाड हाय. मी काही हा खिळा काढत नाही. काढला का सुटलं."

त्याला बाजूला पाठवून ताईला म्हटलं, "हे लाकूड चोरीचं आहे. पिंपळटोल्याचं. यापायी एका माणसाची नोकरी जाते आहे."

"चोरीचं असेल रे. लकडगंजात कोण सोवळा बसलाय? पण भूत, बापू — माझ्या दारात!"

नंतर भानावर आली. वास्तुशांत होईपर्यंत बोलू नकोस म्हणाली. या वयात माझ्या दारात पंचनामा नको.

बरं म्हटलं. शुभस्य शीघ्रम्, अशुभस्य कालहरणम्. पाठशाळेत गुरुजींनी हे पाठ करून घेतलं तेव्हा वाटलं नव्हतं, इतकं उपयोगी पडेल.

२५ फेब्रुवारी
जंगल ऑफिसच्या फाटकापर्यंत गेलो. साहेब दौऱ्यावर असतील असं मीच ठरवलं आणि परतलो.

२७ फेब्रुवारी
ताईनं चौकट परत पाठवली. मला न विचारता. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ते मला ठाऊक नाही.

टालीवर धावत गेलो. मधुकररावांनी खुर्ची पुसून दिली.

"कुठं आहे?"

"गेली. गिऱ्हाईक मिळालं. शिक्का नाही म्हणून कोणी माल वापस केला असं आजवर झालं नाही पंडितजी. भुतापायी मात्र करतात." मग सुपारी कातरत, "पिंपळटोल्याची बातमी तुमचीच ना? छान लिहिता."

सुपारी घेतली. अजून दाढेत आहे.

११ मार्च
ताईची वास्तुशांत. मंत्रांत भटजींच्या दोन चुका. एरवी टोकलं असतं. नव्या चौकटीवरही शिक्का नाही, पण पैसाही नाही, त्यामुळे सगळे निर्धास्त. ताईनं पुरणपोळीवर तूप जास्तच वाढलं. उंबरा ओलांडताना पाय आपोआप उंच उचलला.

१९ मार्च
रुपराव कचेरीत आले. बडतर्फ. "लाकूड काही सापडलं नाही साहेब. क्वार्टर खाली करून राहिलो. बायको विचारते, चोर तुम्ही नाही तर मंग कोण? तिले काय सांगू?"

पाहू, म्हणालो. त्यांनी जाताना माझे आभार मानले — पेपरात निदान तुम्ही तरी लिहिलं म्हणून.

२ एप्रिल
रुपराव पुन्हा आले. जिना चढून दम लागलेला. "साहेब, लाकूड सापडलं!"

इंदोऱ्याकडे नवा बुद्धविहार बांधताहेत. तिथल्या कमिटीच्या धोंडबांना मधुकररावांनी ती चौकट दिली होती — तुम्ही भूत मानत नाही, घेऊन जा. महिनाभर ती तिथं पडून होती; लावायची वेळ आली तेव्हा धोंडबांनी शिक्का शोधला. म्हणाले, भूत चालते, बिनशिक्क्याचं चालत नाही. न दिलेलं घेणार नाही असं आम्ही शील घेतो, अन् विहाराचं दारच तसं लावू का? बैलबंडीवर टाकून थेट जंगल ऑफिसात. पैशावरून झाड ओळखलं गेलं, रुपरावांची फाइल पुन्हा उघडली.

मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "पण त्याच्या पहिले थे कोणाच्या तरी घरी गेली होती म्हणते. सारं समजूनसुद्धा गुपचूप वापस केली. टालवाला नाव सांगत नाही. तुम्ही पेपरवाले, साहेब. तुम्ही शोधा, अन् छापा."

मी दोन चहा सांगितले.